जंजिऱ्याला रांग, आणि महाराजांच्या पद्मदुर्गाला?

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. फोटो टाकलेले नाहीत, मुद्दाम. फोटो टाकला की लोक फोटोला लाईक करतात आणि खालचं वाचत नाहीत, हा वीस वर्षांचा अनुभव आहे.

परवा रात्री जयंती समितीची पोरं घरी आली होती. १९ फेब्रुवारी जवळ आली. पोरं ओळखीचीच, आपल्या गेवराईची. चहा झाला. वर्गणीचं पावती पुस्तक निघालं. मी विचारलं, औंदा काय काय आहे? तर म्हणाले, "दादा, पुण्याचा डीजे सांगितलाय. लेझर हाय, धूर हाय. अडीच लाखाला बोललोत." मी म्हणलं, चांगलंय. एक प्रश्न विचारू का? पद्मदुर्ग कुठंय?

सहा जण होते. एकजण म्हणाला, "कोल्हापूरकडं का?" दुसऱ्यानं मोबाईल काढला. तिसरा म्हणाला, "दादा, तुम्ही परीक्षा घ्यायलाव का?"

मी हसलो नाही. कारण दोन महिन्यांपूर्वी मला कुणी विचारलं असतं, तर मलाही धड सांगता आलं नसतं. नाव ऐकलेलं होतं, एवढंच. आणि मी पत्रकार आहे. दर शिवजयंतीला पुरवणीसाठी दोन हजार शब्द लिहून देणारा, आणि त्याच पुरवणीसाठी पुढाऱ्यांच्या दारात जाहिराती मागत फिरणारा. तेव्हा आज जे लिहितोय ते मी स्वतःला वगळून लिहीत नाहीये. शिव्या द्यायच्या असतील तर पहिली माझ्या नावाने द्या.

नाताळच्या सुट्टीत आम्ही मुरूडला गेलो होतो. क्रुझर केली होती, अकरा माणसं. बहीण, मेहुणे, दोन्ही घरची लेकरं, आणि आमची आई, जिनं वयाच्या बहात्तराव्या वर्षापर्यंत समुद्र बघितला नव्हता. आपल्याकडं हे काही नवल नाही. गोदावरी हाच आपला समुद्र. आपली ऊसतोडीची माणसं दरवर्षी कोल्हापूर-सांगलीपर्यंत जातात, तिथून कोकण घाट उतरला की आलं, पण कोयता घेऊन गेलेल्या माणसाला कोण समुद्र दाखवणार? असो, तो वेगळा विषय आहे, त्यावर परत कधीतरी.

चारशे किलोमीटर गेलो कशासाठी, तर जंजिरा बघायला. भाच्याचा हट्ट. भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याच्या गाडीवर राजांचं स्टिकर आहे, स्टेटसला रोज महाराज असतात. वाईट काही नाही त्यात, पोरगं गुणी आहे.

जंजिरा ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. राजपुरी गावात गाड्यांची रांग, मग तिकिटाची रांग, मग शिडाच्या होडीची रांग. होडीत माणसं खच्चून भरलेली. होडीवालाच माहिती सांगतो, पाठ केलेली, मध्येमध्ये विनोद, शेवटी वर पैसे. आत गेल्यावर कलाल बांगडी तोफेपाशी फोटोसाठी पुन्हा रांग. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधोमध गोड्या पाण्याचे तलाव, ते बघून आमची आई हात जोडून उभी राहिली. किल्ला जबरदस्त आहे, यात वादच नाही. महाराजांना घेता आला नाही. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये समुद्रात दगड टाकून वाट बांधायला काढली, पण मोगल फौज कोकणात उतरली आणि वेढा सोडावा लागला. १९४८ ला संस्थान विलीन होईपर्यंत तो सिद्दीकडंच राहिला. दिलेला वेळ संपला की होडीवाले हाका मारतात, आणि आपण अर्धं बघून परत.

मधल्या काळात व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरत होता, जंजिरा शत्रूचा किल्ला, तिथं जाऊन पैसे कशाला द्यायचे. मला हे पटत नाही. राजपुरीच्या होडीवाल्याचं पोट त्यावर आहे, आणि इतिहास अर्धा बघून समजत नसतो. शिवाय आपण मराठवाड्यातली माणसं. ज्या खडकीचं पुढं औरंगाबाद झालं, ती वसवणारा मलिक अंबर हबशीच होता. बीडची खजाना विहीर निजामशाहीतली, आजही आपण पाहुण्यांना कौतुकानं दाखवतो. तेव्हा जंजिऱ्याला जरूर जा. माझं भांडण जंजिऱ्याला जाणाऱ्यांशी नाही.

भांडण संध्याकाळी सुरू झालं.

मुरूडच्या किनाऱ्यावर लेकरं पाण्यात खेळत होती. सूर्य खाली चालला होता. समोर समुद्रात एक काळी लांबट रेघ दिसत होती, तिच्यावर दात असल्यासारखं काहीतरी. भाचा म्हणाला, "मामा, ते काय असंल? जहाज?" मेहुणे म्हणाले, खडक असंल. मी पत्रकारासारखा आत्मविश्वासानं म्हणलं, "जंजिऱ्याचीच मागची बाजू दिसती." आम्ही ज्यांच्याकडं उतरलो होतो त्या घरच्या मावशी तिथंच होत्या. त्या इतक्या हसल्या की मला लाज वाटली. म्हणाल्या, "भाऊ, तो पद्मदुर्ग. आम्ही कासा म्हणतो. तुमच्या महाराजांनी बांधलेला."

'तुमच्या' महाराजांनी. मी त्या शब्दावर रात्रभर अडकलो. दिवसभरात त्या गावात आलेल्या गाड्या मोजल्या नाहीत, पण भगव्या झेंड्याच्या, राजमुद्रेच्या, 'जय शिवराय' लिहिलेल्या शंभर तरी असतील. सगळ्या सिद्दीचा किल्ला बघायला आलेल्या. आणि महाराजांनी स्वतः बांधलेला किल्ला समोर उघड्या डोळ्यांना दिसतोय, तर त्याला आम्ही खडक म्हणतोय.

आता थोडा इतिहास. पाल्हाळ लावत नाही, पण हे माहीत नसेल तर पुढचं कळणार नाही.

जंजिरा हाती येत नव्हता आणि सिद्दी किनाऱ्यावरच्या रयतेला सोडत नव्हता. तेव्हा महाराजांनी काय केलं? त्याच्या नाकासमोर, मुरूडच्या समुद्रातल्या कासा बेटावर दुसरा किल्ला उभा केला. तोच पद्मदुर्ग, १६७५ च्या आसपासचा. भर समुद्रात, सिद्दीच्या तोफा आणि गलबतं जवळ असताना, दगड-चुना होडीनं नेऊन बांधलेला. आज आपल्याला जिल्हा परिषदेच्या शाळेची भिंत वेळेवर बांधता येत नाही, म्हणून सांगतो.

या किल्ल्याबद्दल महाराजांचं एक पत्र आहे, जानेवारी १६७५ चं. प्रभावळीच्या सुभेदाराला, जिवाजी विनायक याला लिहिलेलं. पद्मदुर्गाला पैसा आणि धान्य पोचवण्याचा हुकूम होता आणि या सुभेदारानं टाळाटाळ केली. महाराजांचा राग त्या पत्रात ओळीओळीला दिसतो. मतलब असा, की सिद्दीच्या राजपुरीच्या छातीवर आपण दुसरी राजपुरी बसवली, तिथं आरमाराची माणसं तुमच्या रसदेची वाट बघत बसलीत, आणि तुम्ही कारणं सांगता. हबशानं तुम्हाला काही देऊन आपलंसं केलंय का, असा सरळ संशय घेतलाय. आणि ब्राह्मण म्हणून मुलाहिजा होईल या भ्रमात राहू नका, चाकरी चोख नसेल तर शिक्षा होईल, असं बजावलंय. हे पत्र भाषणात बऱ्याच वेळा वापरतात, पण प्रत्येकजण आपल्याला सोयीची ओळ उचलतो. कुणी जातीचा मुद्दा काढतो, कुणी शिस्तीचा. ते पत्र मुळात कशाबद्दल आहे? पद्मदुर्गाला रसद वेळेवर पोचली नाही, याबद्दल आहे. आणि आज साडेतीनशे वर्षांनीही पद्मदुर्गाला काही पोचत नाही, ही गोष्ट कोणत्याच वक्त्याच्या तोंडून मी ऐकली नाही.

दुसरी गोष्ट लाय पाटलाची. हा कोळी. बखरीतली हकिकत अशी, की जंजिऱ्याच्या मोहिमेत यानं रात्री अंधारात, मूठभर माणसं घेऊन जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या. मोरोपंतांची फौज यायची होती, ती वेळेत आली नाही, उजाडायला लागलं आणि शिड्या काढून परत यावं लागलं. मोहीम फसली, पण महाराजांनी धाडसाची किंमत केली. पालखीचा मान दिला. लाय पाटलानं तो नम्रपणे नाकारला, दर्यात राहणाऱ्या माणसाला पालखी काय करायची? मग महाराजांनी गलबत बांधून दिलं आणि त्याचं नाव ठेवलं 'पालखी'. सरपाटील केलं. अशी माणसं ओळखणारा राजा होता तो. आज मुरूड-राजपुरीच्या किनाऱ्यावर फिरणाऱ्या किती पर्यटकांना लाय पाटील माहीत आहे? मला नव्हता माहीत. आमच्या पुरवणीतही कधी आला नाही, मीच लिहिली असून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हट्ट धरला, पद्मदुर्गाला जायचंय. तिथून खरी गंमत सुरू होते.

तिकीट खिडकी नाही. ठरलेली होडी नाही. पाटी नाही. दोघातिघांना विचारलं तर म्हणाले, "तिकडे काय बघायचंय? काही नाय तिकडे. जंजिऱ्याला जा." एकजण म्हणाला, आधी परवानगी विचारून घ्या. कुणाला विचारायची, ते त्याला नक्की माहीत नव्हतं. शेवटी मावशींनी त्यांच्या नात्यातल्या एका मच्छीमार काकांना सांगितलं. काकांनी आधी आभाळ बघितलं, मग पाणी बघितलं, मग आम्हाला बघितलं. म्हणाले, "पोहता येतं का?" आम्ही अकराही जण एकमेकांकडं बघायला लागलो. बीड जिल्ह्यातल्या माणसाला पोहता येणं म्हणजे विहिरीत, आणि विहिरीत पाणी असलं तर. काका म्हणाले, "लहान पोरं आणि आजी नको. चौघे चला. आणि मी सांगीन तेव्हा निघायचं, पाणी कोणासाठी थांबत नाय." लाईफ जॅकेट त्यांनीच कुठून तरी आणली.

हे मी मुद्दाम सविस्तर लिहितोय. कारण आता ही पोस्ट वाचून उद्या आपली पाच-सहा पोरं उठतील आणि मोटारसायकलवर मुरूड गाठतील. बाबांनो, तो समुद्र आहे, माजलगावचं धरण नाही, आणि धरणातही माणसं बुडतातच. याच मुरूडच्या किनाऱ्यावर १ फेब्रुवारी २०१६ ला पुण्याच्या एका कॉलेजची सहलीला आलेली पोरं-पोरी बुडाली. चौदा जीव गेले. ती बातमी आमच्या डेस्कवर आली ती संध्याकाळ मी विसरलेलो नाही. भरती-ओहोटी न कळणाऱ्या आपल्यासारख्या आतल्या भागातल्या माणसांना शांत किनारा म्हणजे सुरक्षित किनारा वाटतो. उलट असतं. जिथं कुणी नाही तिथं बघणाराही कुणी नाही. स्थानिक माणसाला सोबत घेतल्याशिवाय आणि तो 'नाय' म्हणाला तर वाद न घालता परत फिरल्याशिवाय जाऊ नका. पावसाळ्यात तर नावच काढू नका.

तर गेलो. होडी किल्ल्याच्या धक्क्याला लागत नाही, कारण धक्काच नाही. मुख्य कोट आणि पडकोट यांच्यामधल्या पुळणीपाशी होडी आणली आणि काका म्हणाले, उतरा. पँट गुडघ्यापर्यंत वर करून, चपला हातात घेऊन, पाण्यातून चालत आम्ही महाराजांच्या किल्ल्यावर गेलो. मेहुणे एकदा घसरले, मोबाईल गेला. ते अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.

आणि मग शांतता. खरं सांगतो, आयुष्यात असा किल्ला बघितला नाही. आमच्याशिवाय माणूस नाही. फक्त लाटांचा आवाज आणि पाखरं. पडकोटाच्या बुरुजावरच्या पाकळ्या कमळासारख्या. कालच्या त्या रेघेवर जे दात दिसत होते ते हेच. नाव पद्मदुर्ग का, ते तिथं उभं राहिल्यावर कळतं. तिथून समोर जंजिरा दिसतो. तोफा जमिनीवर पडलेल्या, गंजलेल्या. झुडपं माजलेली.

मला सगळ्यात लक्षात राहिलं ते तटाचं बांधकाम. खाऱ्या वाऱ्यानं आणि लाटांनी दगड झिजून आत गेलाय, खोल खड्डे पडलेत, आणि दोन दगडांमधला चुना तसाच्या तसा बाहेर उभा आहे. मधमाशीचं पोळं असतं तसं दिसतं. दगड संपला आणि चुना राहिला! माझा भाचा सिव्हिलला आहे. तो त्या भिंतीवर हात ठेवून पाच मिनिटं उभा होता. म्हणाला, "मामा, हे आम्हाला कॉलेजात कामून नाही दाखवत?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. स्टेटससाठी फोटोही काढायचा विसरला, म्हणजे बघा.

काही ठिकाणी मात्र तट ढासळायला लागलाय. चुना कितीही चांगला असला तरी समुद्र रोज दोनदा येतो. साडेतीनशे वर्षं तो येतोय आणि किल्ला उभा आहे, पण देखभाल न करता अजून किती उभा राहील? खाली दारूच्या बाटल्याही होत्या, लपवत नाही. म्हणजे कुणीतरी येतं. वर्षातून एकदा शिवभक्त आणि मुरूडची मंडळी जाऊन जागर करतात, त्यांना मनापासून मुजरा. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस किल्ला आणि पाखरं.

आता माझा मुद्दा, आणि इथं काहीजणांना राग येईल.

२४ डिसेंबर २०१६ ला मुंबईच्या समुद्रात महाराजांच्या स्मारकासाठी जलपूजन झालं. बोटी भरभरून माती आणि नद्यांचं पाणी नेलं. आपल्या जिल्ह्यातूनही कलश गेले होते, मीच बातमी लिहिली होती, शीर्षकात 'भव्यदिव्य' हा शब्द होता. ते स्मारक आज कुठंय? ४ डिसेंबर २०२३ ला मालवणच्या राजकोटवर पुतळा उभा केला, नौदल दिनाचा मुहूर्त होता. २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. आठ-नऊ महिने टिकला. खाऱ्या वाऱ्यानं बोल्ट गंजले वगैरे कारणं आपण ऐकली. मग २०२५ मध्ये तिथं नवा, आणखी उंच पुतळा उभा राहिला. त्याच समुद्रात, त्याच खाऱ्या वाऱ्यात, महाराजांच्या माणसांनी लावलेला चुना आजही दगडापेक्षा जास्त टिकलाय. समुद्रात महाराजांचं स्मारक पाहिजे ना? ते आहे. मुरूडला आहे. त्याचं टेंडर साडेतीनशे वर्षांपूर्वीच पूर्ण झालंय. फक्त त्याच्या कोनशिलेवर आजच्या कुणाचं नाव टाकता येत नाही, हीच त्याची अडचण आहे.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. अकरा आपले, एक तमिळनाडूतला जिंजी. आपण पेढे वाटले, बॅनर लावले. त्यात सागरी किल्ले आहेत, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग. पद्मदुर्ग नाही. यादीला मर्यादा असते, सगळंच घेता येत नाही, हे मला कळतं. पण यादीत नसलेल्याचं काय? यादीबाहेर राहिलं म्हणजे राजाचं नाही का? जंजिऱ्याला जेट्टीचं काम सरकारनं काढलं, चांगलं केलं, म्हाताऱ्याकोताऱ्यांचे हाल होत होते. मग समोरच्या पद्मदुर्गाला गुडघाभर पाण्यातून का?

मला माहीत आहे कमेंटमध्ये काय येणार. 'दादा, तिथं विकास झाला पाहिजे.' विकास या शब्दाची मला आता भीती वाटते. विकास म्हणजे आपल्याकडं पेव्हर ब्लॉक, लाईट शो, सेल्फी पॉइंट आणि पाचशे गाड्यांची पार्किंग. तो जंजिऱ्याच्या वाट्याला आला तेवढा पुरे. पद्मदुर्गाची शांतता ही त्याची दौलत आहे, ती मोडू नका. त्याला लागणारं सामान थोडं आहे. होडी नीट लागेल असा लहानसा धक्का. दिवसाला ठरावीकच होड्या, आणि त्या मुरूड-राजपुरीच्या कोळी बांधवांच्याच, लाय पाटलाच्या वारसांचा हक्क म्हणून. प्रत्येकाला लाईफ जॅकेट. एक रखवालदार. एक पाटी, जिच्यावर त्या पत्राची आणि लाय पाटलाची हकिकत असेल, आमदार-खासदारांचे चेहरे नसतील. आणि पुरातत्त्व खात्याच्या जाणकारांकडून तटाची डागडुजी, चुन्यानंच, सिमेंटनं नव्हे. याला किती खर्च येईल मला सांगता येणार नाही, मी इंजिनिअर नाही. पण अरबी समुद्रातल्या न झालेल्या स्मारकाच्या कागदपत्रांवर जेवढं गेलं असंल त्यापुढं हे किरकोळच वाटंल.

काहीजण म्हणतील, बीडचा माणूस रायगडच्या किल्ल्याची उठाठेव कशाला करतो? बरोबर. मग आपल्या घरचं बघू.

आपल्याच गेवराई तालुक्यात राक्षसभुवन आहे. शनी महाराजांचं ठिकाण, साडेतीन पीठांत गणतात, अमावस्येला पाय ठेवायला जागा नसते. त्याच गोदाकाठी १० ऑगस्ट १७६३ ला माधवराव पेशव्यांनी निजामाचा पराभव केला. वय वर्षं अठरा. पानिपताला अडीच वर्षं झाली होती, मराठे संपले असं सगळे धरून चालले होते. गोदावरीला पूर, निजाम पलीकडच्या काठाला, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर अलीकडं अडकला आणि इथंच मारला गेला. मराठ्यांचा राज्यगाडा परत उभा राहिला तो आपल्या मातीत. शनीला तेल वाहून परत येणाऱ्या किती जणांनी ती लढाई कुठल्या बाजूला झाली असंल म्हणून नदीकडं नजर टाकली? मी सांगतो, मी गेल्या वीस वर्षांत पन्नास वेळा गेलो असंल. एकदाही नाही टाकली.

आणि धारूरचा किल्ला? आदिलशाहीतल्या किश्वर खानानं बांधलेला, तीन बाजूंनी दरी, पाण्याची भक्कम सोय. इथून दीड-दोन तासाचा रस्ता. आमच्या समितीतल्या सहा पोरांपैकी धारूरचा किल्ला आतून बघितलेला एक निघाला. तोही प्री-वेडिंगच्या शूटिंगला गेला होता.

म्हणून म्हणतो, पद्मदुर्ग चारशे किलोमीटरवर आहे आणि तसा आपल्या दारातही आहे. गर्दी असते तिथं आपण रांग लावतो. शेजारी जे गप्प उभं असतं त्याला खडक समजून पाठ फिरवतो. महाराजांचं नाव जेवढ्या डेसिबलमध्ये घेतो तेवढी माहिती आपल्याला असती, तर मावशींना 'तुमच्या महाराजांनी' म्हणून हसायची वेळ आली नसती.

त्या रात्री समितीच्या पोरांना मी वर्गणी दिली. ५०१ रुपये, पावती घेतली. डीजे रद्द करा असं म्हणणार नाही, म्हणून उपयोगही नाही, आगाऊ रक्कम गेलेली आहे. पण एक सांगून ठेवलंय. मिरवणूक दोन तासांनी लवकर संपवा आणि वाचतील त्या पैशात जिल्हा परिषद शाळेतली नववीची चाळीस लेकरं धारूरला न्या. एक एसटी, एक जेवण. सोबत इतिहासाचा एखादा चांगला मास्तर. डोंगरावरचा किल्ला नीट बघता आला, तर पुढच्या हिवाळ्यात त्यांना मुरूडला न्यायचं माझ्याकडं लागलं. काकांचा नंबर माझ्याकडं आहे, आणि लेकरांना ते पाण्यात कुठवर जाऊ द्यायचं ते मला विचारणार नाहीत, स्वतःच ठरवतील.

रविवारी सायंकाळी सातला समितीची बैठक आहे, मारुती मंदिराच्या पारावर. विषयपत्रिकेत हा मुद्दा घ्यायला अध्यक्ष तयार झालेत, पण शेवटी, 'ऐनवेळच्या विषयात'. सगळ्यांना माहीत आहे, तोवर निम्मे उठून गेलेले असतात. ज्यांना पटलं असेल त्यांनी शेवटपर्यंत थांबायला या.

ता. क. मेहुण्यांच्या मोबाईलचे अर्धे पैसे मी द्यायचे ठरले आहेत.